कॅम्पोलेटिस: घाटे अळीच्या पोटात वाढणारी माशी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर रब्बीत हरभरा वीतभर झाला की माझ्याकडे फोटो यायला लागतात. पानाला चिकटलेला राखाडी दाणा, शेजारी वाळून कोळ झालेली अळी आणि खाली एकच ओळ: "हे काय आहे, आणि काय फवारू?" लातूर, धाराशिव, बीड, जालना, परभणी, कुठूनही आला तरी प्रश्न तोच असतो. गेल्या काही हंगामांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, जिथे फारच लांबण होती तिथे थोडी कात्री लावली.

१. कॅम्पोलेटिस हे औषधाचं नाव आहे का? दुकानात मागितलं तर हसले.

औषध नव्हे, किडा आहे. गांधीलमाशीच्या गोतातली, पण तिच्याहून कितीतरी बारीक आणि निरुपद्रवी अशी ही माशी. कॅम्पोलेटिस हे एका जातीचं नाव नाही, जातींच्या गटाचं, म्हणजे प्रजातीचं नाव आहे. इक्न्यूमॉनिडी या मोठ्या कुळातल्या या प्रजातीत जगभर शंभराच्या आसपास जाती आहेत. त्या बहुतेक सगळ्या पतंगांच्या अळ्यांवर वाढतात. अमेरिकेत सोनोरेन्सिस नावाची जात आहे, ब्राझीलमध्ये मक्याच्या लष्करी अळीवर फ्लॅव्हिसिंक्टा नावाची. आपल्याकडे ज्या जातीशी गाठ पडते ती कॅम्पोलेटिस क्लोरिडी. जपानी कीटकशास्त्रज्ञ उचिदा यांनी १९५७ मध्ये तिचं वर्णन केलं. घाटे अळीच्या, म्हणजे हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या अळीच्या, पतंगाला शास्त्रज्ञ एकेकाळी क्लोरिडिया म्हणत, त्यावरून हे नाव. म्हणजे माशीच्या नावातच तिचं गिऱ्हाईक लिहिलेलं आहे.

खाली नुसतं "कॅम्पोलेटिस" म्हटलं असेल तिथे हीच जात समजा.

२. माशी म्हणता, म्हणजे खोडमाशी, शेंगमाशी यांच्यातलीच का? मग ती पिकाला लागणार नाही का?

ही भीती रास्त आहे, कारण आपल्याकडे माशी म्हटलं की सोयाबीनची खोडमाशी, तुरीची शेंगमाशी आणि ज्वारीची पोंगेमर आठवते. त्या खऱ्या माश्या आहेत. त्यांना पंखांची एकच जोडी असते आणि त्यांच्या अळ्या पीक पोखरतात. कॅम्पोलेटिसला पंखांच्या दोन जोड्या असतात, कंबर बारीक असते आणि तिची पिल्लं अळीच्या मांसावर वाढतात. पिकाचं पान, फूल, दाणा यांतलं काहीही तिच्या तोंडी लागत नाही. फुलातला गोडवा तेवढा ती चाटते.

नावाचा घोटाळा मराठीचा आहे. गांधीलमाशी, मधमाशी, घरमाशी, सगळ्याच माश्या.

३. दिसते कशी? मी रोज शेतात असतो, कधी दिसली नाही.

दिसली असेल, ओळखली नसेल. पंख फुटलेली मुंगी समजून आपण सोडून देतो. लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. अंग काळं, पोटाचा भाग तांबूस, पाय पिवळसर-तांबडे. मिशा लांब आणि सतत थरथरत्या. सकाळचं दव ओसरलं की हरभऱ्याच्या शेंड्यांवर उकिडवं बसून पाहा. घाई नसलेली, पानापानावर मिशा आपटत चालणारी, मध्येच थबकणारी अशी एखादी दिसेल. अळीने कुरतडलेल्या पानाचा आणि तिच्या विष्ठेचा वास ती हुंगत असते. उडून निघून गेली तरी फरक पडत नाही. ती आहे की नाही हे तिला पाहून ठरवायचंच नाही, तिच्या कोषावरून ठरवायचं (प्रश्न ४ आणि १३).

४. पानावर राखाडी दाणा चिकटलाय, बाजूला वाळलेली अळी आहे. ही अळीची अंडी का? चुरडून टाकू?

चुरडू नका. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर द्यायला उशीर झाला की बहुतेकांनी तोवर चुरडलेलं असतं.

तो कॅम्पोलेटिसचा कोष आहे. राखेत लोळवलेला तांदळाचा दाणा डोळ्यांपुढे आणा. पांढुरका-राखाडी रंग, त्यावर काळपट-तपकिरी डाग. दुरून पाखराची शीट वाटते. शेजारी किंवा त्यालाच चिकटून अळीचं रिकामं, सुरकुतलेलं कातडं असतं. त्या अळीच्या पोटात माशीचं पिल्लू वाढलं, कातडं फोडून बाहेर आलं आणि तिथेच कोष विणून आत बसलं. आठवडाभरात त्यातून माशी निघेल.

घाटे अळीचं खरं अंडं याच्याशी जुळत नाही. ते खसखशीच्या दाण्याएवढं, गोल, पिवळसर पांढरं असतं, कोवळ्या शेंड्यावर किंवा कळीवर सुटं सुटं घातलेलं. कोष त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

मी पहिल्यांदा हरभरा केला त्या वर्षी घरच्या सगळ्यांना घेऊन ओळीने असे "दाणे" वेचून काढले होते. डबाभर निघाले. बांधावर नेऊन जाळले आणि संध्याकाळी मोठ्या समाधानाने जेवलो. तो डबा अजून डोळ्यांपुढे येतो.

५. आमच्याकडे अळीच्या पाठीवर पांढरे शुभ्र तांदळासारखे दाणे आहेत, एकावर दहा-वीस. तेही हेच का?

नाही. ते बहुधा कोटेशिया किंवा अपँटेलिस या दुसऱ्या गटातल्या माश्यांचे कोष आहेत. कॅम्पोलेटिस एका अळीत एकच पिल्लू वाढवते, म्हणून कोष एकटा असतो आणि डागाळलेला असतो. कोटेशियाच्या बऱ्याच जाती एका अळीत झुंडीने वाढतात, आणि त्यांचे कोष पांढरे किंवा पिवळसर असतात. पण त्याही आपल्याच बाजूच्या. तेही चुरडू नका.

आणखी एक गंमत: पूर्ण वाढलेल्या अळीच्या मानेजवळ एखादं चकचकीत पांढरं अंडं चिकटलेलं दिसलं, तर ती टॅचिनिड नावाची केसाळ माशी. मोठ्या अळ्या ती सांभाळते, लहान अळ्या कॅम्पोलेटिस. दोघींनी वाटणी करून घेतल्यासारखंच आहे.

६. एवढीशी माशी अळीला मारते कशी? डंख मारते का?

डंख नव्हे, सुईने अंडं टोचते. मादीच्या पोटाच्या टोकाला बारीक नळी असते. अळी सापडली की पोट पुढे वळवून क्षणात टोचते आणि निघून जाते. अळी जराशी वळवळते, तोंडातून हिरवा रस काढते आणि पुन्हा खायला लागते. दोनेक दिवसांत आत अंडं फुटतं. पिल्लू अळीचं रक्त आणि चरबी खात वाढतं. शेवटी उरलंसुरलं आतून संपवतं आणि कातडं फोडून बाहेर येतं. आपल्याकडच्या हिवाळ्यात, मध्यम थंडीत, टोचल्यापासून कोष दिसेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस जातात. पुढे कोषातून माशी निघायला आणखी आठवडा. थंडी कडक पडली की हे सगळं लांबतं.

आता यातला खरा चमत्कार. अळीच्या रक्तातही पहारेकरी पेशी असतात. परकी वस्तू आली की त्या तिच्याभोवती कोंडाळं करून तिला गुदमरवतात. मग माशीचं अंडं जगतं कसं? तर मादी अंड्याबरोबर एक विषाणू टोचते. हा विषाणू तिला बाहेरून लागलेला रोग नव्हे. त्याची सगळी माहिती तिच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच असते, आईकडून लेकीला मिळते, आणि तो फक्त तिच्या अंडाशयाजवळच्या पेशींत तयार होतो. अळीच्या अंगात गेल्यावर तो तिथे स्वतःची संख्या वाढवत नाही. पहारेकऱ्यांना मात्र निकामी करतो, शिवाय अळीची वाढ खुंटवतो. याला इक्नोव्हायरस म्हणतात. या प्रकारच्या विषाणूंबद्दल शास्त्रज्ञांना जे कळलं, त्यातला मोठा वाटा अमेरिकेतल्या कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिसच्या अभ्यासातून आला.

आपण कुंभारीण माशी अळ्या उचलून मातीच्या घरट्यात भरताना पाहतो. ती अळीला आधी लुळी करते, मग घरी नेते. कॅम्पोलेटिसला घर बांधायची गरज नाही. अळी हेच तिचं घर, आणि तेही चालतं-फिरतं, स्वतःचं पोट स्वतः भरणारं.

७. म्हणजे टोचल्यावरही अळी खातच राहते. मग शेतकऱ्याचा फायदा काय?

फायदा हिशोबात आहे. घाटे अळी आयुष्यात साधारण सहा टप्प्यांतून जाते, आणि तिचं बहुतेक सगळं खाणं शेवटच्या दोन टप्प्यांत होतं. एक अळी तीस-चाळीस घाटे खराब करते असं आपण ऐकतो ना, ते करणारी ही शेवटच्या टप्प्यातली दीड इंची अळी. कॅम्पोलेटिसने टोचलेली अळी तिथवर पोहोचतच नाही. ती कोवळी पानं खरवडते, कमी खाते, वाढत नाही आणि घाट्यात डोकं घालायच्या आत मरते. पान खरवडलेलं दिसेल, घाटा वाचेल. हरभरा थोडी पानं गेली तर भरून काढतो. आपण स्वतःच शेंडे खुडून भाजी करतो की.

८. मोठ्या अळ्यांवर का जात नाही? आमच्याकडे तर मोठ्याच अळ्या आहेत.

मग उशीर झाला. तिला हवी असते दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीची अळी, म्हणजे अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीची. याहून लहान अळीत पिल्लाला पुरेल एवढा शिधा नसतो. याहून मोठी अळी झटका देते, चावते, आणि तिची प्रतिकारशक्तीही जबर असते. शेतात मोठ्या अळ्या जास्त दिसत असतील तर कॅम्पोलेटिसवर विसंबू नका, प्रश्न १४ वाचा.

९. मराठवाड्यात कोणत्या पिकांत सापडते? आम्ही हरभऱ्यासोबत तूर, कापूस, मकाही करतो.

हरभरा हे तिचं माहेर म्हणा. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांपासून, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून कोष दिसू लागतात. वेळ अमावस्येला, आपल्या येळवशीला, आंबील आणि भज्जी घेऊन शेतात जाता ना, तो काळ कोष शोधायला उत्तम. अळ्या लहान असतात, पीक ओळीत वाकून पाहता येतं, आणि पोरंटोरं हाताशी असतात. त्यांची नजर आपल्याहून तेज. पुढे घाटे भरून पिवळे पडू लागले की तिचा जोर ओसरतो.

ज्वारी-बाजरीच्या कणसांतल्या घाटे अळीवरही ती येते. तुरीवर मात्र तीच अळी असूनही ती फार कमी सापडते. तुरीची फुलं-शेंगा चिकट, केसाळ असतात, आणि अळी फुलांच्या गुंत्यात किंवा शेंगेत दडलेली असते. हरभऱ्यात तिचं काम पाहून तुरीतही तशीच अपेक्षा धरणाऱ्यांची निराशा होते. तुरीत तिच्यासारखीच दिसणारी एरिबोरस नावाची चुलत बहीण भेटू शकते.

कापसात २००२ नंतर बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेलं वाण, आलं आणि उघड्यावर फिरणाऱ्या हिरव्या बोंडअळीचा जोर ओसरला. ही हिरवी बोंडअळी म्हणजे आपली घाटे अळीच. आज कापसात जी छळते ती गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. तिथे कॅम्पोलेटिसचा हात पोहोचत नाही.

मक्याची बातमी बरी आहे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली, आणि त्याच वर्षीच्या पाहणीत तिच्या अळ्यांतून कॅम्पोलेटिस क्लोरिडी निघाल्याची नोंद झाली. परदेशातून आलेल्या किडीला आपल्या गावच्या माशीने इतक्या लवकर ओळखलं. पण अळी पोंग्यात शिरून विष्ठेच्या बुचाखाली बसली की माशीलाही ती सापडत नाही. मक्यात तिचं काम चालतं ते पानाला खिडक्या पडतात त्या काळात.

सोयाबीनवरची तंबाखूची पानं खाणारी अळी तिच्या यादीत आहे, पण पहिल्या पसंतीची नव्हे.

१०. हरभऱ्याच्या आंबेनं माशी मरत नाही का? ट्रायकोकार्ड लावले होते, काही उपयोग झाला नाही.

प्रश्न फार चांगला आहे. पहाटे धोतराचं पान किंवा पांढरं फडकं हरभऱ्यावरून फिरवून पिळून घेतलेली आंब ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांनाच तो सुचतो. ती आंब म्हणजे पानांवरच्या बारीक केसांतून झरणारी आम्लं, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. ट्रायकोग्रामा ही अर्धा मिलिमीटरचीही नसलेली माशी पानावर चालत अंडी शोधते. आंबेच्या थेंबांत तिचे पाय अडकतात, ती मरते. म्हणून हरभऱ्यात ट्रायकोकार्ड, म्हणजे हीच माशी शेतात सोडायची कार्डं, जवळजवळ वाया जातात. ऊस, मका यांत ती कामाची आहेत, तिथे वापरा.

कॅम्पोलेटिस तिच्यापेक्षा दहापटीहून लांब. लांब पायांवर अंग उचलून चालते, अळी दिसेपर्यंत पानाला फारसं अंग लावत नाही. आंबेचा तिला विशेष जाच होत नाही. ज्या पिकात बाकीचे मित्रकीटक टिकत नाहीत, तिथे ती टिकते, हेच तिचं मोल.

११. विकत कुठे मिळेल? एकरी किती सोडायच्या?

ट्रायकोकार्डासारखी ती बाजारात मिळत नाही. ट्रायकोग्रामा भाताच्या पतंगाच्या अंड्यांवर किलोने वाढवता येते. कॅम्पोलेटिसला जिवंत, ठरावीक वयाची अळी लागते, आणि घाटे अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात. म्हणजे प्रत्येक अळीला वेगळी कुपी, रोज वेगळं खाणं. त्यात प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं की नरच जास्त निघू लागतात, कारण फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो आणि कुपीत जोड्या नीट जमत नाहीत. नर काही अळी टोचत नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्था अशा मित्रकीटकांची जिवंत वाणं संशोधनासाठी जपतात, पण शेतकऱ्याने एकराच्या हिशोबाने आणून सोडावी अशी ही वस्तू नाही.

कुणी बाटलीत भरून "कॅम्पोलेटिस" विकत असेल तर पैसे देऊ नका.

१२. मग ती शेतात वाढवायची कशी?

बोलवायची नसते, ती येतेच. तिला राहू द्यायचं असतं. तिच्या दोन गरजा: खायला गोड आणि अंगावर विष न पडणं. विषाचं प्रश्न १४ मध्ये. गोडाबद्दल इथे.

मोठी झालेली माशी अळी खात नाही, फुलांतला मकरंद चाटते. तो मिळाला तर काही आठवडे जगते आणि अंडी घालत राहते, नाही मिळाला तर चार-दोन दिवसांत संपते. हरभऱ्याचं फूल बंद तोंडाचं, त्यातला मकरंद तिच्या आखूड तोंडाला मिळत नाही. म्हणून कोथिंबीर. धण्याच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यात मकरंद उघड्यावर असतो. हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी असल्या की कॅम्पोलेटिसचं प्रमाण वाढतं, हे देशातल्या प्रयोगांत दिसून आलं आहे. दहा-बारा ओळींमागे एक ओळ धणे टाका. मी अर्धे धणे हरभऱ्याबरोबर आणि अर्धे पंधरा दिवसांनी टाकतो, म्हणजे फुलोरा लांबतो. एवढंच की भाजीला सगळी उपटायची नाही. आमच्या घरी यावरून दरवर्षी वाद होतो, आणि बांधाकडच्या दोन ओळी भाजीसाठी राखून तो मिटतो.

हरभऱ्यात करडई, जवस टाकायची जुनी रीत आपल्याकडे आहेच. ज्वारीचे मूठभर दाणे विस्कटून टाकले तर त्या ताटांवर पाखरं बसतात आणि मोठ्या अळ्या टिपतात. पाखरं मोठ्या अळ्या घेतात, माशी लहान. एकमेकींच्या आड येत नाहीत.

१३. आमच्या शेतात ती आहे की नाही, किती आहे, हे कसं ठरवू?

डबी लावून. खर्च काही नाही, फक्त आठवडाभर धीर हवा.

शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून पंचवीस लहान अळ्या घ्या, सेंटिमीटरच्या आतल्या. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत. एकत्र ठेवलं तर चौथ्या दिवशी तीन-चार धष्टपुष्ट अळ्या उरतील आणि तुम्हाला वाटेल माशीने मारल्या. डब्या म्हणून औषधाच्या गोळ्यांच्या छोट्या बाटल्या, रिकाम्या काड्यापेट्या, बर्फाचा ट्रे वर फडकं ताणून, काहीही चालतं. झाकणाला टाचणीने भोकं पाडा. रोज कोवळा शेंडा बदला, विष्ठा झाडून टाका, नाहीतर बुरशी येते. डबी उन्हात किंवा चुलीजवळ नको.

आठ-दहा दिवसांत काही डब्यांत अळी सुकून राखाडी कोष दिसेल. पंचवीसपैकी किती कोष, ते मोजा. सात-आठ निघाले तर तुमच्या शेतात तिचं राज्य आहे. एक-दोन निघाले तरी हात झटकू नका, पण तिच्या भरवशावर झोपूही नका. हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, कुठल्या पत्रकातले नाहीत. एकही कोष नाही आणि अळ्या गलेलठ्ठ, तर उत्तर स्पष्ट आहे.

निघालेले कोष शेतात नेऊन सावलीतल्या ओळीत ठेवा. कोषांचे नमुने जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवले तर जात नक्की करून मिळू शकते.

१४. म्हणजे फवारायचंच नाही का? नुकसान झालं तर तुम्ही देणार का?

देणार नाही, आणि फवारू नका असंही म्हणणार नाही. फक्त कधी आणि काय, एवढंच बोलतो.

आपली खोड अशी की आभाळ आलं, धुई पडली, शेजाऱ्याने पंप पाठीला अडकवला की आपणही अडकवतो. तेव्हा अळ्या सूतभर असतात आणि माशीचं काम नेमकं तेव्हाच ऐन भरात असतं. क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, सायपरमेथ्रिन अशी अंगाला लागताच मारणारी औषधं त्या वेळी मारली की अळ्यांआधी माशी मरते. तिला लपायला जागा नाही, तिचं अंग नाजूक, आणि ती दिवसभर पानांवरच फिरते. पंधरा दिवसांनी नव्या पतंगांच्या अळ्या येतात, तोवर शेतात वैरी उरलेला नसतो. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. हे चक्र मी दोन हंगाम स्वतःच्या खिशातून चालवलं आहे. एका दुकानदाराने तर दोन औषधं एकत्र करून "डबल पावर" म्हणून दिली होती. घाटे अळी त्यातून वाचलीच, शेतातली सगळी बारीक उडती मंडळी मात्र दिसेनाशी झाली.

म्हणून आधी मोजा. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, हेक्टरी पाच लावा. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग आले, किंवा एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, किंवा पाच टक्के घाट्यांना भोकं पडली, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. त्याच्या आत असाल तर ५ टक्के निंबोळी अर्कावर भागवा. पातळी ओलांडली आणि अळ्या लहान असतील तर विषाणूजन्य औषध (प्रश्न १५). अळ्या मोठ्या होऊन घाट्यांत शिरत असतील तर रासायनिक फवारणी करावीच लागेल. त्यातही क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल उडत्या माशीला वरच्या यादीपेक्षा सौम्य आहे. शिफारशीचं प्रमाण डब्यावर असतं, त्याच्या वर जाऊ नका आणि दोन औषधं मिसळू नका.

१५. एचएएनपीव्ही, बीटी, निंबोळी अर्क ही तर जैविक औषधं. त्यांनी माशीला काही होत नसेल?

उडत्या माशीला फारसं होत नाही, पोटातल्या पिल्लाला होऊ शकतं. हा बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

एचएएनपीव्ही हा घाटे अळीलाच होणारा विषाणू. माशीला तो लागत नाही. पण टोचलेल्या अळीला तो झाला आणि पिल्लू बाहेर यायच्या आत अळी मेली, तर घर पडलं की आतला माणूसही गेला. माशीने टोचून पाच-सहा दिवस उलटले असतील तर पिल्लू बहुधा निसटतं, कालच टोचलं असेल तर नाही. बीटी हे जिवाणूपासूनचं औषध, त्याच्या फवारणीचंही तसंच: विष पिल्लाला नव्हे, अळीला मारतं, आणि अळी लवकर मेली किंवा फार अशक्त झाली की कोष होत नाही.

तरी रासायनिक औषधापेक्षा हे परवडतं, कारण मोठ्या माश्या जगतात आणि उरलेल्या अळ्या टोचत राहतात. डब्या लावून पाहिलं आणि कोष भरपूर निघाले, तर एचएएनपीव्ही आठवडाभर पुढे ढकला. मारायचंच असेल तेव्हा संध्याकाळी मारा, उन्हाने विषाणू निकामी होतो. त्यात कपड्याची नीळ टाकतात तीही उन्हापासून त्याला वाचवायलाच.

१६. एकाच अळीला दोन माश्यांनी टोचलं तर दोन कोष होतात का?

नाही. आत दोन पिल्लं निघाली तर लहानपणीच झुंजतात. त्या वयात त्यांचे जबडे विळ्यासारखे असतात, पुढे मोठेपणी तसे राहत नाहीत. एक मरतं, एक वाढतं.

१७. डबीत कोष ठेवला होता. त्यातून कॅम्पोलेटिस नाही, भलतीच बारीक चकचकीत माशी निघाली.

शेरास सव्वाशेर. काही बारीक माश्या कॅम्पोलेटिसच्याच कोषात अंडी घालतात. कोषाचं टोक कापून निघालेलं दिसलं तर आपली माशी सुखरूप गेली. बाजूला बारीकसं भोक असेल तर दुसरीने तिला खाल्लं. हंगामाच्या शेवटी असे कोष जास्त निघतात. यावर फवारणी नाही, आणि ती शोधूही नका. ज्या औषधाने ही मरेल त्याने तीही मरेल.

१८. आमचं तुतीचं शेड हरभऱ्याला लागून आहे. रेशीम अळीवर ही माशी बसली तर?

जालन्याच्या कोष बाजारपेठेमुळे आणि बीडकडे तुती वाढल्यामुळे हा प्रश्न आता वरचेवर येतो. रेशीम अळीचा खरा शत्रू उझी माशी. ती घरमाशीसारखी दिसणारी, जाडजूड, राखाडी टॅचिनिड माशी आहे. जाळी लावायची ती तिच्यासाठी. कॅम्पोलेटिसची शिकार म्हणजे घाटे अळी, लष्करी अळी अशा पतंगांच्या एका ठरावीक गोतातल्या अळ्या. रेशीम कीटक त्या गोतात येत नाही. शेडमध्ये काही अंशी उलटाच धोका आहे: हरभऱ्यावरचं औषध वाऱ्याने तुतीच्या पानांवर गेलं तर रेशीम अळ्या मरतात. म्हणजे माशीला जपलं तर रेशीमही सुखात.

मधमाशी, जनावरं, माणूस यांनाही तिचा त्रास नाही. हातावर बसली तरी टोचत नाही.

१९. उन्हाळ्यात ती जाते कुठे?

आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे गेला की तिची पिल्लं नीट वाढत नाहीत आणि माश्या लवकर मरतात. शेतं मोकळी, अळ्या नाहीत, फुलं नाहीत. पाण्याकाठची उन्हाळी भाजी, बांधावरची तणं, कुठे एखादं टोमॅटोचं वाफं, अशा ठिकाणी घाटे अळी तग धरते, तिच्यामागे तीही. पाऊस पडून पिकं उभी राहिली की पुन्हा संख्या वाढते. म्हणून बांध तणनाशकाने पार जाळून काढणाऱ्यांच्या शेतात ती उशिरा पोहोचते.

२०. मालकांना हे पटत नाही. ते म्हणतात, बाई, माशीच्या भरवशावर शेती होत नसते. काय सांगू?

ताई, सांगू नका, डब्या लावा. कोष झालेली डबी त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा. माशी बाहेर येते त्या सकाळी त्यांच्या हातात द्या, सोबत शेतातली एक लहान अळी. डबीतली माशी मादी निघाली आणि नशीब असेल तर तिथेच टोचताना दिसेल. आमच्या घरात वडिलांना मी तीन वर्षं समजावत होतो. डबीतलं हे एकदा पाहिल्यावर ते स्वतःच गावभर सांगत सुटले, तेही शोध त्यांनीच लावल्यासारखं.

२१. हरभऱ्याचे शेंडे खुडून भाजी करतो. त्यात कोष आले तर?

भाजीत अंडी आणि लहान अळ्याही निघून जातात, म्हणून खुडणं पिकाला बरंच. कोष बहुतेकदा शेंड्याच्या खालच्या पानांवर असतात, तरी निवडताना एखादा सापडतोच. तो पानासकट बाजूला काढा आणि दुसऱ्या दिवशी शेतात जाताना घेऊन जा. जमिनीवर टाकू नका, मुंग्या नेतात. झाडाच्या मधल्या फांदीच्या बेचक्यात पान अडकवून ठेवलं की पुरे.